अक्षर हरवले की डिस्क?

चालू कॉम्प्युटरमधून 'डी' ड्राइव्ह नाहीसा झाला, ही तक्रार ऐकायला एकच असली तरी तिच्यामागे निदान तीन निरनिराळ्या घटना असू शकतात. डिस्क जागच्या जागी आहे, फिरते आहे, डेटा शाबूत आहे, फक्त तिला दिलेले अक्षर गळाले आहे किंवा दुसऱ्या कुणाला मिळाले आहे, ही पहिली. अक्षर आहे, डिस्कही आहे, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही आणि म्हणून ती फॉरमॅट करायला सुचवते, ही दुसरी. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यातले बोलणेच मध्येच तुटते, ही तिसरी. वापरणाऱ्याला तिन्ही वेळी कळते ते एवढेच, की सकाळपर्यंत उघडणारे फोल्डर आता उघडत नाही.

त्यामुळे या विषयावरचे सल्लेही एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणी केबल बदलायला सांगतो, कोणी ड्रायव्हर नव्याने टाकायला, कोणी चेकडिस्क चालवायला, तर कोणी सरळ फॉरमॅट मारायला. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर ठरलेला आहे, म्हणूनच तो टिकून आहे. अक्षरांचा प्रश्न डॉस आणि विंडोज यांच्यापुरता, डिस्क सुटण्याचा प्रश्न मात्र सगळ्याच प्रणालींचा. दोन्हींची पार्श्वभूमी, त्यांवरची मते आणि न सुटलेल्या गाठी क्रमाने पाहू.

अक्षरे आली कुठून

डिस्कला अक्षराने हाक मारण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टची नाही. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकात आकाराला आलेल्या सीपी/सीएमएस या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याच्या वाट्याच्या आभासी डिस्कला एक अक्षर असे. गॅरी किल्डाल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिली, तेव्हा तीच सोय छोट्या मशीनवर आली. तिथून ती टिम पॅटरसन यांच्या ८६-डॉसमध्ये आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉसमध्ये उतरली. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन पीसी एक्सटी आला आणि तिच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी जाऊन जमाना लोटला, तरी विंडोज आजही 'ए' आणि 'बी' आपणहून कुणाला देत नाही.

अक्षर म्हणजे डिस्क नव्हे, हे त्या काळातही उघड होते. एकच फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या पीसीवर डॉस त्याच यंत्राला 'ए'ही म्हणे आणि 'बी'ही. 'बी' मागितला की फ्लॉपी बदलायला सांगे. एका यंत्राला दोन अक्षरे असू शकतात आणि सब्स्ट या आज्ञेने एखाद्या फोल्डरलाही अक्षर मिळू शकते, तर अक्षराचा यंत्राशी असलेला संबंध केवळ व्यवहाराचा आहे. पुढच्या चाळीस वर्षांतले बहुतेक घोळ हा संबंध पक्का मानल्यातून झाले आहेत.

डॉसची वाटप-पद्धत तर फारच कच्ची होती. आधी प्रत्येक डिस्कवरच्या प्रायमरी पार्टिशनला अक्षरे मिळत, मग एक्स्टेंडेड पार्टिशनमधल्या लॉजिकल ड्राइव्हना. म्हणजे एका डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे दोन भाग केलेले असताना दुसरी डिस्क बसवली, की 'डी' हे अक्षर नव्या डिस्कच्या प्रायमरीला जाई आणि जुना 'डी' मुकाट्याने 'ई' होई. रेशनच्या रांगेत पुढे कोणी घुसला की मागच्या सगळ्यांचा नंबर सरकतो, तसेच हे. डेटा कुठेच गेलेला नसे, पण पेजमेकरमध्ये लावलेल्या पानांना आपली चित्रे सापडत नसत, कारण चित्राचा पत्ता अक्षरासकट लिहून ठेवलेला असे. नव्वदच्या दशकात मासिके आणि दिवाळी अंकांची जुळणी केलेल्यांना ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

विंडोजची स्मरणवही

विंडोज २००० पासून परिस्थिती मुळातून बदलली. माउंट मॅनेजर नावाचा घटक रजिस्ट्रीतल्या 'माउंटेड डिव्हायसेस' या नोंदीत कुठल्या पार्टिशनला कोणते अक्षर दिले ते लिहून ठेवू लागला. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी ही नोंद बारा बाइटची असते: चार बाइट डिस्कची सही आणि आठ बाइट पार्टिशन जिथे सुरू होते ती जागा. जीपीटी पद्धतीत त्याऐवजी पार्टिशनचा स्वतःचा १६ बाइटचा अद्वितीय क्रमांक वापरतात. साटा केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावली तरी अक्षर बदलत नाही, ते या नोंदीमुळे. केबल हलवल्यावर अक्षर बिघडले, असे कोणी सांगितले तर योगायोग किंवा दुसरे काही कारण शोधावे.

या वहीतही गोंधळाच्या जागा आहेत. एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर केली की दोघींची सही एक होते आणि विंडोज त्यातल्या एकीला 'ऑफलाइन' करून बाजूला ठेवते. नवी एसएसडी घेऊन क्लोन करणाऱ्यांची जुनी डिस्क 'गायब' होते, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते; डिस्क मॅनेजमेंट उघडून तिला ऑनलाइन केले की नवी सही मिळून ती दिसू लागते. जीपीटी पार्टिशनवर 'याला आपणहून अक्षर देऊ नये' असा एक खुणेचा बिट असतो. एखाद्या पार्टिशनच्या साधनाने तो लावून ठेवला असेल, तर डिस्क निरोगी असूनही अक्षराविना राहते. डिस्कपार्टमधली ऑटोमाउंटची सोय बंद असेल तर नव्या डिस्कचेही तेच होते. ऑफिसांमधला नेहमीचा प्रकार वेगळा: नेटवर्कवरच्या फोल्डरला कोणी 'ई' किंवा 'एफ' दिलेले असते, ते लॉगिननंतर येते आणि त्याच अक्षरावर बसलेल्या स्थानिक ड्राइव्हला झाकून टाकते.

यांतल्या बहुतेक प्रकारांची ओळख एकच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क तिच्या पूर्ण आकारासह दिसते, पार्टिशन 'हेल्दी' असते, नसते ते फक्त अक्षर. इथे केबल, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस किंवा डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली 'स्मार्ट' नोंद यांपैकी कशालाच हात लावायची गरज नाही. उलट डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर 'डिस्क इनिशियलाइज करा' असे विचारले गेले, तर तो अक्षराचा प्रश्न नाही. नवी कोरी डिस्क असेल तर ठीक. कालपर्यंत भरलेली असेल तर तिचा सुरुवातीचा भाग वाचता येत नाही असा त्याचा अर्थ, आणि तिथे होकार देणे घातक.

विंडोज बंद असताना, रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत, हीच अक्षरे निराळी दिसू शकतात. ती छोटी प्रणाली स्वतःची वही घेऊन येते, तिथला 'सी' तुमचा 'सी' असेलच असे नाही. तिथे काहीही पुसण्याआधी फोल्डरांची यादी पाहून खात्री करून घेणे हा सर्वमान्य सल्ला आहे. यावर मतभेद नाही.

अक्षरे हवीत की नकोत

मतभेद आहे तो अक्षरे मुळात असावीत का, यावर. युनिक्स परंपरेची बाजू अशी: सगळे एकाच झाडाखाली असावे, डिस्क म्हणजे त्या झाडाची एक फांदी, ती कुठे जोडायची ते व्यवस्थापक ठरवील. विंडोज २००० पासून एनटीएफएसवर हेही करता येते. रिकाम्या फोल्डरवर अख्खे पार्टिशन जोडले की अक्षराची गरज राहत नाही आणि सव्वीसची मर्यादाही जाते. जिथे मशीनला बऱ्याच डिस्क जोडलेल्या आहेत, तिथे ही रीत निःसंशय सोयीची.

दुसरी बाजू सवयीची आहे, पण केवळ सवयीची नाही. काही इन्स्टॉलर मोकळी जागा मोजताना फक्त मुळाशी असलेला ड्राइव्ह पाहतात आणि फोल्डरमागे दडलेली दोन टेराबाइट त्यांना दिसत नाहीत. शिवाय अक्षरात एक स्पष्टता आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर घेतानाच दुकानदार एका डिस्कचे तीन-चार भाग करून देत असे: 'सी'त विंडोज, 'डी'त काम, 'ई'त फोटो, 'एफ'मध्ये सिनेमे. विंडोज बिघडले की 'सी'वर फॉरमॅट मारायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. व्हायरसच्या सुकाळात या पद्धतीने कित्येकांचे काम वाचले. तिच्यावरची टीकाही खरी आहे: चारही भाग एकाच यंत्रावर आहेत, यंत्र गेले की चारही जातात, आणि 'डी'तली 'ई'त ठेवलेली प्रत ही बॅकअप नव्हे.

युनिक्स पद्धत निर्दोष आहे असेही नाही. लिनक्समध्ये डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावे सापडल्याच्या क्रमाने मिळतात. दोन डिस्क असलेले मशीन आज एका क्रमाने सुरू झाले आणि उद्या दुसऱ्या, तर नावांची अदलाबदल होते. म्हणून तिथेही शेवटी पार्टिशनच्या अद्वितीय क्रमांकाचा आधार घ्यावा लागला. दोन्ही घराणी वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचली आहेत: माणसाने वाचायचे नाव काहीही असो, यंत्राने लक्षात ठेवायची ओळख डिस्कवरच लिहिलेली असावी. वाद उरला आहे तो वरच्या पाटीचा.

डिस्क खरोखर सुटते तेव्हा

दुसरी घटना पुढे चेकडिस्कच्या वादात येईल; आता तिसऱ्या घटनेकडे. रुंद पट्टीची केबल असलेल्या जुन्या पॅरलल एटीए डिस्कच्या काळात चालू मशीनमधून डिस्क सुटून पुन्हा जोडली जाणे ही कल्पनाच नव्हती. डिस्क गेली की मशीन अडकून बसे. २००३ पासून बाजारात आलेल्या साटाने दोन गोष्टी बदलल्या. केबल बारीक, सात पिनांची झाली, आणि चालू स्थितीत डिस्क काढता-घालता येण्याची सोय मूळ आराखड्यातच आली. तुटलेला दुवा पुन्हा जोडून घेणे प्रणालीला जमू लागले आणि 'मध्येच जाते, मध्येच येते' हे दुखणे तेव्हापासून ठळक झाले.

साटाचा कनेक्टर हा या कथेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संशयित घटक. सुरुवातीच्या कनेक्टरला अडकण्याची कडी नव्हती, ती नंतरच्या सुधारणेत आली. कॅबिनेटच्या आतल्या केबलचा कनेक्टर जेमतेम पन्नासेक वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेला असतो. कॅबिनेटची बाजूची पत्री दाबून बसवली, केबल काटकोनात मुडपली, की दुवा अर्धवट टेकून राहतो. त्यातून सहा गिगाबिट वेगाने जाणाऱ्या सिग्नलमध्ये चुका होतात, डिस्क त्या मोजते आणि स्मार्टच्या १९९ क्रमांकाच्या नोंदीत मांडते. ही नोंद कधीच शून्यावर येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यामुळे तिथे मोठा आकडा दिसला म्हणून आज केबल खराब आहे असे ठरत नाही. आकडा लिहून ठेवून आठवड्याने पुन्हा पाहावा. वाढत असेल तर दुव्यात दोष आहे, जिथल्या तिथे असेल तर ती जुनी कहाणी.

वीज हा दुसरा संशयित, आणि माझ्या मते आपल्याकडे त्याच्याकडे द्यायला हवे तितके लक्ष दिले जात नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा बारा व्होल्टच्या तारेतून दोनएक अँपिअर खेचते. एसएमपीएस थकलेला असेल, किंवा एकाच तारेला स्प्लिटर लावून तीन डिस्क टांगलेल्या असतील, तर ग्राफिक्स कार्डाने भार घेताच व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि डिस्क बंद होऊन पुन्हा सुरू होते. कान देऊन ऐकले तर हेड मागे जाण्याचा 'टक्' आणि मग पुन्हा फिरू लागण्याचा आवाज येतो. स्मार्टमध्ये याचाही पुरावा राहतो. बाराव्या क्रमांकावर डिस्क किती वेळा वीज मिळून सुरू झाली ते असते. मशीन दिवसातून एकदा सुरू होत असताना हा आकडा दिवसाला पाच-सहाने वाढत असेल, तर दोष विजेच्या बाजूचा. वाढत नसेल आणि १९९ वाढत असेल, तर डेटा केबल किंवा पोर्ट. ही एक तुलना निम्मे काम करते, तरीही केबल-ड्रायव्हरच्या सल्ल्यांत ती क्वचितच सापडते.

कधीकधी मात्र केबल, वीज आणि डिस्क या तिघींचाही दोष नसतो. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या सहा मालिकेच्या चिपसेटमधला दोष जाहीर करून पुरवठा थांबवला. त्यातले तीन गिगाबिटचे चार साटा पोर्ट काळ जाईल तसे कमजोर होत जात. सहा गिगाबिटचे दोन पोर्ट ठीक होते. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने सुमारे ७० कोटी डॉलर सांगितला. तशा बोर्डवर केबल बदलून बदलून थकलेल्या माणसाने डिस्क नुसती पहिल्या दोन पोर्टांत लावली असती तर प्रश्न मिटला असता.

फर्मवेअरचे किस्से याहून विचित्र. क्रुशलच्या एम४ या एसएसडीत असा दोष होता की वापराचे ५,१८४ तास पूर्ण झाले की ती प्रतिसाद देणे थांबवी. मशीन पुन्हा सुरू केले की तासभर चाले आणि पुन्हा गप्प. जानेवारी २०१२ मध्ये सुधारित फर्मवेअर आले. एचपी एंटरप्रायझने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडी ३२,७६८ तासांनी कायमच्या बंद पडतील असा इशारा दिला. दोन्हींच्या मुळाशी मोजणीतली चूक होती. अशा वेळी केबल बदलणाऱ्याला तासभर यश मिळते आणि निदान पक्के चुकते.

अलीकडचे आणखी एक कारण तर बिघाडच नव्हे. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, कारण दोघांचा मार्ग सामाईक असतो. नवी एसएसडी टाकली आणि जुनी डिस्क दिसेना, या तक्रारीत सगळ्यांत आधी बोर्डाचे मॅन्युअल उघडावे.

आधी काय करावे

इथे जाणकारांचे तीन गट पडतात.

दुकानातल्या अनुभवी हातांचा गट म्हणतो, आधी केबल. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, पाच मिनिटांचे काम, नुकसान काही नाही. लॅमिंग्टन रोडवरचा कोणताही कारागीर हेच करील आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक खूश होऊन जाईल.

दुसरा गट म्हणतो, आधी नोंदी वाचा. केबल काढून तीच पुन्हा लावली तरी संपर्क घासून स्वच्छ होतो आणि दुखणे काही दिवस दबते. त्यामुळे नवी केबल लावल्यावर फरक पडला म्हणजे जुनी खराब होती, हे सिद्ध होत नाही. त्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. त्यातल्या नोंदींपैकी क्रमांक १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केले. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ७ म्हणजे बॅड ब्लॉक. १५७ म्हणजे डिस्क अनपेक्षितपणे निघून गेली. नुसत्या १५७ च्या आधी काही नसेल तर संपर्क किंवा वीज. आधी ७ आणि १५३ ची रांग असेल तर डिस्कचा पृष्ठभाग, असा सर्वसाधारण कौल. १२९ मात्र दोन्हीकडे दिसतो आणि वीज-बचतीच्या गडबडीतही. म्हणून एकट्या १२९ वरून निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

तिसरा गट डेटा परत मिळवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे सर्वांत आग्रही: काहीही करण्याआधी डेटाची प्रत. खराब होत चाललेल्या डिस्कला प्रत्येक रीस्टार्ट महागात पडू शकतो. त्यांचा खरा वाद चेकडिस्कशी आहे. चेकडिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करते. फाइली वाचवणे हे तिचे उद्दिष्ट नाही, आणि जी नोंद तिला पटत नाही ती ती काढून टाकते. त्यात 'आर' पर्याय दिला की ती सगळा पृष्ठभाग वाचत सुटते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हा भार, आणि केबल ढिली असेल तर चांगल्या जागाही खराब ठरण्याची शक्यता. म्हणून जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी सेक्टर-न्-सेक्टर प्रत घ्यावी आणि दुरुस्ती प्रतीवर करावी, असे ते सांगतात. उलट बाजूने असे म्हटले जाते की वीज गेल्यामुळे बिघडलेल्या, पण यंत्र म्हणून ठणठणीत असलेल्या डिस्कवर चेकडिस्क दहा मिनिटांत काम करते. त्यासाठी तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क विकत आणायला लावणे अव्यवहार्य. हे दोघे दोन वेगळ्या रोग्यांबद्दल बोलत आहेत. डेटाची दुसरी प्रत आधीच असेल तर पहिल्या गटाचा मार्ग योग्य, नसेल तर तिसऱ्याचा. दुसऱ्या गटाचे काम दोन्हीकडे लागतेच, आणि त्याला खर्च शून्य.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याच्या जुन्या तोडग्याबाबत मात्र आता फारसे कोणी भांडत नाही. आत दव धरते. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नये.

स्मार्टचे म्हणणे किती मानावे

डिस्कने स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवण्याच्या या सोयीवरचा सर्वांत उद्धृत अभ्यास गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांचा, २००७ चा. एक लाखाहून अधिक डिस्क त्यांनी तपासल्या. पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. पण निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडता कुठलाच इशारा दिलेला नव्हता. बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कची आकडेवारी खुली करते; ती ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच नोंदींवर नजर ठेवते. दोन्हींचा अर्थ एकच: स्मार्ट वाईट बातमी देत असेल तर मानावी, चांगली देत असेल तर निर्धास्त होऊ नये.

आक्षेप निराळाच आहे. हे अभ्यास वातानुकूलित डेटा सेंटरमधले, स्थिर विजेवरचे. घरच्या मशीनला भारनियमन, इन्व्हर्टरचा झटका, धूळ आणि किनारपट्टीची दमट हवा सोसावी लागते. गूगल आणि बॅकब्लेझचे आकडे डिस्क मरण्याबद्दल आहेत, सुटण्याबद्दल नाहीत. कनेक्टरच्या कमजोरीचे प्रमाण सांगणारे तेवढ्या तोलाचे काम नाही, म्हणून 'बहुतेक वेळा केबलच असते' हे विधान अनुभवाच्या जोरावर उभे आहे.

काही वेळा डिस्क ना मेलेली असते ना सुटलेली, ती फक्त उशीर करत असते. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचायला बराच वेळ झगडते. अनेक डिस्कचा एक संच चालवणारा रेड (RAID) कंट्रोलर तेवढा थांबत नाही आणि तिला बाद ठरवतो. म्हणून नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरून साठवण पुरवणाऱ्या पेटीसाठीच्या, डिस्क सात सेकंदांत हार मानायला शिकवलेल्या असतात. एप्रिल २०२० मध्ये उघड झाले की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' (Red) नावाच्या काही डिस्क प्रत्यक्षात माग एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि संच पुन्हा भरताना त्या इतक्या मंदावत की बाहेर टाकल्या जात. डिस्कमध्ये दोष नव्हता, दोष कामाशी न जुळण्याचा होता.

वीज वाचवावी की दुवा

विंडोजच्या नेहमीच्या पॉवर प्लॅनमध्ये वीस मिनिटे काम नसेल तर डिस्क थांबते. त्याखाली आणखी एक, सहसा लपवलेली पातळी आहे: डिस्क फिरत असतानाही साटा दुवा डुलकी घेतो. काही डिस्क या डुलकीतून वेळेत जाग्या होत नाहीत आणि विंडोजला त्या गेल्यासारख्या वाटतात. डेस्कटॉपवर ही बचत बंद करायला हरकत नाही, असे बहुतेकांचे मत. वाचणारी वीज किरकोळ असते. लॅपटॉपवर गोष्ट वेगळी. लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत विंडोजमध्ये सर्रास वापरली जाणारी बेताची बचत स्वीकारली गेली, आणि त्याबरोबर ती न झेपणाऱ्या डिस्कची एक यादीही ठेवावी लागली. अशी यादी असणे हाच या वादाचा सद्यःस्थितीतला निकाल म्हणायचा: नियम सर्वांना लावता येत नाही.

याच कप्प्यातला एक विनोदी प्रकार. बायोसने साटा पोर्ट 'हॉट-प्लग' म्हणून जाहीर केला असेल, तर आतली डिस्क पेन ड्राइव्हच्या रांगेत, 'सुरक्षितपणे काढा'च्या यादीत दिसते. कोणी चुकून तिच्यावर टिचकी मारली की डिस्क निमूटपणे निघून जाते आणि सहसा रीस्टार्टपर्यंत येत नाही. बायोसमधली ती सोय बंद करणे किंवा रजिस्ट्रीत त्या पोर्टला 'अंतर्गत' म्हणून नोंदवणे, हा उपाय आहे.

जे अजून सुटलेले नाही

पहिली गाठ संदेशांची. 'अनपेक्षितपणे निघून गेली' हे वाक्य कोणी काढले ते सांगत नाही, आणि विंडोजला ते कळायची सोयही नाही. तिला फक्त शांतता ऐकू येते. दोष कुठल्या थरातला हे ठरवायला आजही दोन नोंदी शेजारी ठेवून माणसालाच तुलना करावी लागते.

दुसरी गाठ एनव्हीएमईची. केबल गेली, कनेक्टर बोर्डावर आला, तर सुटण्याचे दुखणे संपेल अशी अपेक्षा होती. पण दुवा पीसीआय एक्सप्रेसचा झाला तरी डुलकीचे तेच राज्य चालू आहे. लिनक्सवर काही एनव्हीएमई डिस्कना खोल झोपेची मुभाच नाकारावी लागते. शिवाय आधीची 'केबल बदलून पाहा' ही स्वस्त चाचणी हातातून गेली. ओढून काढायला केबलच नाही.

तिसरी गाठ एन्क्रिप्शनची. संशयित डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहणे ही निदानाची सर्वांत विश्वासू रीत होती. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. अशी डिस्क दुसरीकडे जोडली की ४८ आकडी किल्ली विचारली जाते आणि ती खात्यात असल्याचे मालकाच्या गावीही नसते. चोरीच्या दृष्टीने हे हितावह, दुरुस्तीच्या दृष्टीने अडचणीचे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधला मार्ग अजून कोणी दाखवलेला नाही.

एनव्हीएमईच्या २०१९ मधल्या १.४ आवृत्तीत वीज कधी आली, रीसेट कधी झाला याची कालक्रमाने नोंद डिस्कमध्येच ठेवण्याची तरतूद आहे. पहिल्या गाठीवर तो थेट उतारा ठरू शकतो. पण ती ऐच्छिक आहे, आणि घरगुती वापराच्या डिस्कमध्ये ती द्यायची की नाही हे निर्मात्यांवर सोडलेले आहे.